‘भोपळा’ शिकून घेणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुम्हाला वाचता येणार नाही. माझा मुलगा ते तुम्हाला इंग्रजीत सांगेलच. परंतु इतके मनापासून आभार मानायचे तर मला माझीच भाषा हवी होती.

आम्ही नाशिकहून न्यू जर्सीला आलो तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि खेळ म्हणजे क्रिकेट, एवढेच त्याला ठाऊक होते. बेसबॉलच्या पहिल्याच सामन्यात चेंडू टोलवल्यावर तो बॅट हातात घेऊनच धावत सुटला. पुढे पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, उभा असताना प्रशिक्षक ‘स्टील! स्टील!’ असे ओरडू लागले, तेव्हा आपल्याला काय चोरायला सांगत आहेत हेच न कळल्यामुळे तो जागचा हलला नाही. सगळे हसले. मुले हसणारच, पण ज्या मोठ्यांनी त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत अर्थ सांगायला हवा होता, त्यांनी माझ्या हातात नियमावली ठेवून ‘येईल हळूहळू’ म्हणत पाठ फिरवली, हे मला आजही डाचते. त्या रात्री त्याने बॅट पलंगाखाली ढकलून दिली.

तुम्ही मात्र त्याच्या शेजारी जमिनीवर बसलात आणि चित्रांची पुस्तके उघडलीत. बेसबॉलच्या बोलीत तळ्यातली बदके म्हणजे बेसवर ताटकळलेले धावपटू. किराणा दुकानदार उंच फळीवरचा मक्याचा डबा काठीने पाडून ॲप्रनमध्ये झेलतो, तसा अलगद हातात येणारा झेल म्हणजे ‘मक्याचा डबा’. जुन्या दुकानांवरूनच हा शब्द आला असे सांगतात. दोन बेसच्या मध्ये कोंडीत सापडलेला गडी लोणच्यात पडतो, यावर तो पोट धरून हसला. चेंडू टोलवला जाण्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठणे म्हणजे तो चोरणे; तोंडाला फडके बांधून बेस पळवणाऱ्या चोराचे चित्र पाहताच ‘म्हणजे आपली चोरटी धाव!’ असे तो मराठीतच ओरडला. मग तुम्ही त्याला जॅकी रॉबिन्सन दाखवलात. ज्या मेजर लीगने, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलने, कृष्णवर्णीयांना अनेक दशके दाराबाहेर ठेवले, तिच्यात १९४७ मध्ये उतरलेल्या या खेळाडूने १९५५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिच्या विजेतेपदाच्या लढतींत, यांकीज संघाविरुद्ध चक्क होम प्लेट, म्हणजे धाव पूर्ण होते तो शेवटचा टप्पा, चोरली होती. ते पान तो कितीतरी वेळ उलटेना.

तरीही मला सर्वांत जास्त आठवते ते हंसाचे अंडे. बेसबॉलमध्ये शून्याला तसे म्हणतात, हे सांगून तुम्ही त्याला विचारलेत, ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ तो म्हणाला, ‘भोपळा.’ तुम्ही तो शब्द तीनदा म्हणून पाहिलात. ‘भ’ काही जमेना, तरी सोडला नाहीत. पिवळ्या चिठ्ठीवर त्याच्याकडून देठासकट भोपळा काढून घेतलात, खाली देवनागरीत नाव लिहायला लावलेत आणि ती चिठ्ठी त्या अंड्याशेजारी चिकटवलीत. तोवर या देशात जो तो त्याला काहीतरी शिकवत होता. त्याच्याकडून काही शिकून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मागितलेले पुस्तक काढून देणारी माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याच्या झोळीतही काही असेल असे मानून विचारणारी माणसे मी दोन्ही देशांत मोजकीच पाहिली आहेत, आणि हे शिष्टाचाराने येत नाही, ते मनातच असावे लागते.

गेल्या शनिवारी पाच डाव संपले तरी समोरच्या संघाच्या नावापुढे शून्यच होते. तुमच्या गोष्टींच्या तासाला येणारा त्याचा एक सोबती बाकावरून ‘बोप्ला!’ असे ओरडला, आणि मग साऱ्या बाकानेच तो शब्द उचलून धरला. माझा मुलगा तेव्हा पहिल्या बेसवर होता. पुढच्याच चेंडूवर त्याने दुसरा बेस चोरला.

आपली कृतज्ञ,
त्याची आई