बाबांना पाणी हातात देऊ नकोस

नाशिक,
रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर बाबा "बरंय सगळं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आई "इकडची काळजी करू नकोस" म्हणते. झालं, संपलं बोलणं. कागद मात्र बाबा दोनदा वाचतात, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. म्हणून हे पत्र.

भाऊबीजेच्या दुपारी मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून बाबांच्या मांड्या मोजल्या तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. गुडघ्याच्या वाटीच्या वर 15 सेंटीमीटरवर पेनाने खूण केली आणि दोन्हीकडे टेप फिरवली. डावी 47, उजवी 44. आई म्हणाली, टेप जुनी आहे, ताणली असेल. अगं, ताणलेली टेप दोन्ही पायांना सारखीच खोटं बोलली असती ना! बाबा मात्र गप्प झाले. 33 वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. जावळी-पाटणच्या डोंगरउतारांवर साखळी ओढली, बांधावरून हातघाईवर आलेल्या भावाभावांना आकडा दाखवून शांत केलं. आकड्याशी भांडता येत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

हे तीन सेंटीमीटर कुठे गेले? कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती गुळगुळीत गादी, झिजली म्हणून मांडी बारीक होत नाही. दुखतं म्हणून पाय वापरला नाही, वापरला नाही म्हणून स्नायू आटला, स्नायू आटला म्हणून सगळा भार सांध्यावर आला, आणि मग आणखी दुखलं. बाबांचं म्हणणं मला ठाऊक आहे: "उजवा गुडघा आधीच झिजलाय, आता माघात ऑपरेशन करून बदलेपर्यंत जपून ठेवू." बाबा, गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाय हलला, त्यावर भार आला-गेला, की सांध्यातलं वंगण तिच्यात आत-बाहेर होतं आणि त्यावरच ती जगते. पाय ठेवून दिला तर जी काही उरलीय तीही उपाशी राहते.

मी डॉक्टर नाही, कबूल. पण दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा गुडघा बदलला तेव्हा मी सगळं जवळून पाहिलं. ऑपरेशनची तारीख ठरली आणि आम्ही प्रेमाने त्यांना दोन महिने पलंगावरून उतरू दिलं नाही. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून त्यांना उभं केलं, आणि मांडीच थरथरायला लागली. नवा सांधा ठणठणीत, पण त्याला उचलणारं कुणी नाही! कमोडवरून एकट्याने उठायला त्यांना चार महिने लागले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर्जन सांधा बसवतात, मांडी घरून आणावी लागते." ते वाक्य मी विसरलेले नाही. चूक आमची होती, सासूबाईंची नव्हे.

आता आई, तुझ्याकडे वळते. रागावू नकोस.

पाडव्याला मी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मोजत होते. बाबा सोफ्यावरून पाच वेळा उठले. पाच! त्यांतल्या तीन वेळा संडासला. पेपर तू नेऊन दिलास, चष्मा तू, गोळ्या तू, पाण्याचा तांब्या तू, जेवणाचं ताट तू, आणि जेवण झाल्यावर हात धुवायला तसराळंसुद्धा तूच समोर धरलंस. त्यांनी नुसतं घसा खाकरला तरी तू स्वयंपाकघरातून निघतेस. आणि मी काय वेगळं केलं? चार दिवस मीही तेच केलं. लेक आलीय, बाबांना बसल्या जागी फराळ देतेय, मला किती छान वाटत होतं! मांडीतले तीन सेंटीमीटर आपण दोघींनी मिळून खाल्लेत, आई.

तर माझं मागणं एवढंच आहे. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच राहू दे. पेपर दारातच पडू दे. गोळ्यांचा डबा देवघराशेजारच्या फडताळावर ठेव. बाबा हाक मारतील, पहिले दोन दिवस जरा चिडतीलही. तू म्हण, "तिथं आहे, घ्या." दर तासाला एकदा तरी उठले पाहिजेत, मग ते पाण्यासाठी का असेना. तुला ते बघवणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा वाटल्यास मागच्या अंगणात जाऊन मेथी निवडत बस. आणि हो, त्यांना काखेत धरून उचलायचं नाही. तुझी पाठ गेली तर माघात दोघांना बघायला मी कुठून माणसं आणू?

बाबा, आता तुमची पाळी.

तो सोफा सोडा. इतका खोल आहे की त्यातून उठताना धडधाकट माणसाचे गुडघेही कुरकुरतील. जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही, आणि बैठकीवर सोलापुरी चादरीची घट्ट घडी घालून ती उंच करा. त्यावरून हातांचा आधार घेत उठायचं, बसायचं, बसताना धपकन नव्हे, हळूहळू. मी आले होते तेव्हा अर्ध्या मिनिटात तुम्ही सहा वेळा उठलात. हा आकडा तुमच्या जुन्या फील्डबुकात लिहा, पुढे तारीख टाका. दर रविवारी परत मोजा.

गादीवर पडल्या पडल्या करायचं तेवढंच सोपं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबायची, मांडी कडक करून मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग डावा पाय गुडघ्यात दुमडून उजवा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग टाच गादीवरून घासत जवळ आणायची, परत लांब न्यायची. घोट्यापासून पावलं वर-खाली करणं तर टीव्ही बघतानाही होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सध्या साताऱ्यात थंडी आहे, उठल्या उठल्या सांधा आखडलेला असतो, तेव्हा घाई नको. गॅलरीत ऊन आल्यावर, चहा झाल्यावर करा. दुखेल का? थोडं दुखेल. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्याइतकं खाली आलं तर चालू ठेवा. नाही आलं किंवा गुडघा सुजला, तर निम्मं करा, बंद करू नका. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर मात्र मला फोन करत बसू नका, थेट डॉक्टरांना गाठा.

हातांकडेही बघा. ऑपरेशननंतर वॉकरवर अर्धं अंग हातांनीच तोलायचंय. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. दोन हातांत दोन बाटल्या घेऊन खुर्चीत बसून खांद्यापर्यंत उचला.

एक चूक माझ्या डोळ्यांदेखत होत होती आणि मी तेव्हा बोलले नाही. आई रात्री तुमच्या गुडघ्याखाली उशी ठेवते. बरं वाटतं, पण रात्रभर गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच आखडत जातो, मग तो पूर्ण सरळ होईना. ठेवायचंच तर टाचेखाली टॉवेल ठेवून दहा-पंधरा मिनिटं गुडघा सैल सोडा, आणि झोपताना सगळं काढून टाका.

आता काठी. कोपऱ्यात छत्र्यांमागे लपवलेली मी पाहिली. घरात तुम्ही ती उजव्या हातात धरून चालून बघितलीत, म्हणून "काही उपयोग नाही" वाटलं. दुखरा गुडघा उजवा, म्हणून काठी डाव्या हातात. उजवं पाऊल आणि काठी एकदम पुढे टाकायची. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाशी येईल एवढी तिची उंची हवी. तुमची दोन इंच मोठी आहे, कापून घ्या, आणि खालचं रबरी बूच गुळगुळीत झालंय तेही बदला. गॅलरीच्या पायऱ्यांवर चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा आधी.

पण खरं कारण बूच नाही ना, बाबा? अजिंक्यतारा आहे. तुम्ही सकाळी पावणेसहाला किल्ल्याच्या रस्त्याला लागायचात, मंगळाईला नमस्कार करून साडेसातला खाली. ती सगळी मंडळी आपल्याला काठी टेकताना बघतील, म्हणून तुम्ही तीन महिने फाटकाबाहेर पडलेला नाहीत. आणि गॅलरीत खुर्ची नेमकी किल्ल्याकडे तोंड करून मांडलीय. किल्ला आता नको, हे खरंच. चढापेक्षा उतार गुडघ्याला जास्त खातो. पण शाहू स्टेडियमची जमीन सपाट आहे. रिक्षाने जा, दहा मिनिटं चाला, बाकावर बसा, पुन्हा पाच मिनिटं चाला. नाहीतर मंडळी खाली उतरतात तेव्हा नुसते चहाच्या टपरीवर जा. ती माणसं तुमची वाट बघताहेत. त्यांच्यातल्या एकाने मला राजवाड्यावर गाठून विचारलं, "साहेब रुसले का आमच्यावर?" मला उत्तर देता आलं नाही.

वाजपेयींचा गुडघा आठवतो का? ऑक्टोबर 2000 मध्ये ब्रीच कँडीत डावा बदलला, डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी न्यूयॉर्कहून आले होते. जून 2001 मध्ये उजवा. आणि जुलैच्या मध्यावर आग्र्यात मुशर्रफ समोर! तुम्ही तेव्हा पेपर हातात घेऊन घरभर सांगत फिरत होतात. पंतप्रधानाला लोकांसमोर लंगडायची लाज वाटली नाही, मोजणीदाराला का वाटावी? (त्यांच्या राजकारणावर तुमचं-माझं पटणार नाही, ते राहू द्या.)

साखरेचंही बोलायला हवं, कारण ऑपरेशन तिच्यामुळेच लांबलंय. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (HbA1c) 8.6 टक्के आलीय, सर्जनना साडेसातच्या खाली हवी. साखर चढी असली की जखम भरत नाही आणि जंतू नव्या सांध्याला धरतात. म्हणून तो किडलेला दातही आत्ताच दाखवा, तोंडातला जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जातो. फ्रीजवरच्या स्टीलच्या डब्यात कंदी पेढे होते. मी मोजले, अकरा. आई म्हणाली पाहुण्यांसाठी आहेत. पाहुणे आले, गेले, डबा अर्धा रिकामा, आणि एकाही पाहुण्याने पेढा खाल्लेला मी पाहिला नाही. भात निम्मा करा, त्या जागी मटकीची उसळ, अंडं, ताक वाढवा. स्नायू नुसत्या व्यायामाने भरत नाही, त्याला प्रथिनं लागतात. आणि वजन: एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोंनी हलका होतो. 84 वरून 80 वर आलात तरी हिशेब तुम्हीच करा.

मेडिकलवाल्याकडून दुखण्यावरची "ती लाल गोळी" परस्पर आणणं बंद. तुमच्या बीपीला आणि किडनीला ती झेपत नाही. मामा सांगतात त्या वैदूची पुडीही नको, त्यात काय कालवलंय ते त्यालाच ठाऊक. गुडघ्यात इंजेक्शन घेऊन बघा म्हणणारेही भेटतील. ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत असताना स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सर्जनना विचारल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही.

घरातलं थोडं मी आल्यावर बघते. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी, संडासात कमोडची खुर्ची, पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा. आई, तेवढी दारातली गोधडीची पायपुसणी मात्र आजच उचल. तू शिवलीस म्हणून जीव अडकतो, पण पाय त्यातच अडकतो.

पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, रविवारी पहाटे पोचेन. टेप डब्यातच ठेव, कुणाला देऊ नकोस. खूण पुसली असली तरी मी पुन्हा 15 वरच मोजणार आहे. दोन आठवड्यांत मांडी भरत नाही, ते मला माहीत आहे. पण अर्ध्या मिनिटात सहाचे आठ झालेले बघायचेत.

तुमची,
मनू

ता. क. आई, पोस्टमन हे तुझ्याच हातात देईल. बाबांना नेऊन देऊ नकोस. फडताळावर ठेव आणि स्वयंपाकघरातूनच सांग, "मनूचं पत्र आलंय."