एकही मॅच न हरता घरी बसलेली टीम

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास ना की तुमच्या ऑफिसात सोमवारी सगळे फुटबॉलवरच, म्हणजे त्या हातात बॉल घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलवर, बोलत बसतात आणि तुला कंटाळा येतो. अरे, तू सॅन फ्रान्सिस्कोत राहतोस आणि तुझ्याच गावात १९५१ साली काय घडलं ते तुला माहीत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय, नीट वाच.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, जेझुइट पाद्र्यांचं छोटं कॉलेज, त्यांची टीम डॉन्स. कोच जो कुहारिच. त्या सीझनला ९ मॅच खेळले आणि ९ च्या ९ जिंकले. ऑली मॅटसन म्हणून एक गडी होता, बॉल काखेत घेऊन असा सुटायचा की बस्स, त्या वर्षी १५६६ यार्ड पळाला, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त! न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ ने हरवलं. कॉलेज ऑफ पॅसिफिकला ४७-१४, शेवटी लोयोलाला २०-२.

आता बघ, तिकडे सीझन संपला की चांगल्या टीम्सना नव्या वर्षाच्या सुमारास बाउल नावाच्या खास मॅचचं आमंत्रण येतं, त्यात मान आहे आणि पैसाही. यांना पैशाची फार गरज होती कारण कॉलेजचा फुटबॉल तोट्यात चालला होता. पण बरेचसे मोठे बाउल दक्षिणेत, आणि तेव्हा तिथे काळ्या-गोऱ्यांनी एका मैदानात खेळायचं नाही असा खाक्या. डॉन्समध्ये दोघं काळे, मॅटसन आणि बर्ल टोलर. निरोप आला की त्या दोघांना मागे ठेवून येत असाल तर या. पोरं म्हणाली, नाही येत. त्यावर फार खल झालाच नाही, असं त्यातले लोक म्हातारपणी पण सांगायचे. यातला जिनो मार्चेटी तर दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला, त्याला कोण काय शिकवणार होतं कोणाबरोबर उभं राहायचं ते.

मग बाउल गेला, पैसे गेले आणि सीझन संपल्यावर कॉलेजने फुटबॉलच बंद करून टाकला. एकही मॅच न हरलेली टीम आणि पुढच्या वर्षी टीमच नाही! मला हे वाचून अजून राग येतो बंड्या, खरंच येतो. पुढे याच टीममधले मार्चेटी, मॅटसन आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघं प्रोफेशनल फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि टीमच्या बातम्या पेपरवाल्यांना पुरवणारा पीट रोझेल हा पोरगा १९६० ला अख्ख्या एनएफएलचा, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल फुटबॉल लीगचा, कमिशनर म्हणजे प्रमुख झाला.

आणि हे ऐक, मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरला ब्राँझ मिळवलं, वर रिलेत सिल्व्हर. म्हणजे आपले खाशाबा जाधव ज्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं ब्राँझ घेऊन आले तेच! गोळेश्वरचा पैलवान आणि हा गडी एकाच वेळी हेलसिंकीत होते, मला तर हे कळल्यावर त्या रात्री झोपच लागेना.

पण माझं मन खरं अडकलंय ते टोलरपाशी. त्याचा गुडघा १९५२ मध्येच एका ऑल-स्टार मॅचमध्ये गेला, प्रोफेशनल खेळायच्या आधीच खेळ संपला. तो बसून राहिला नाही रे, सॅन फ्रान्सिस्कोतच शाळेत मास्तर झाला, मग प्रिन्सिपल, आणि १९६५ ला एनएफएलचा पहिला काळा पंच. ज्याला मैदानावर येऊच नको म्हणाले होते तोच मैदानावर शिट्टी घेऊन उभा, आणि १९८० च्या सुपर बाउलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्येसुद्धा!

त्यांच्या कॅम्पसवर आता एका होस्टेलला त्याचं नाव दिलंय, बर्ल टोलर हॉल. गोल्डन गेट पार्कच्या टोकाला केझार स्टेडियम आहे, डॉन्स तिथे खेळायचे, जुनं पाडून नवीन छोटं बांधलंय. रविवारी वहिनींना आणि पोरांना घेऊन दोन्हीकडे जाऊन ये, जवळजवळच आहे. फोटो पाठव, आणि सोमवारी ऑफिसात तूच विषय काढ.

तुझा,
सुऱ्या