मांडी न घालता येणारी मुलं शाळा-तपासणीच्या यादीत कधी येणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परिपाठाला मुलं पटांगणात मांडी घालून बसतात. एखादं पाय लांब सोडून बसलं की आम्ही ओरडतो, ‘नीट बस!’ २०२२ मध्ये मी अशी जिच्यावर ओरडले, ती माझीच मुलगी होती.

त्या जानेवारीत, कोविडच्या ओमायक्रॉन लाटेत, आमचं अख्खं घर तापानं झोपलं. नवऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, मग बाकीच्यांची केलीच नाही; तेव्हा कोण करत होतं? ताप उतरला आणि सात वर्षांची पोर सकाळी पाय टेकेना. चवड्यांवर दोन पावलं टाकायची आणि पोटऱ्या धरून रडायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एक द्रव्य, तपासलं, ते वाढलेलं होतं. पाणी भरपूर पाजा, लघवी काळपट झाली तर लगेच या, म्हणाले. विषाणूच्या तापानंतर लहान मुलांच्या स्नायूंना अशी सूज येते, फ्लूनंतरही येते, आणि बहुधा आठवड्याभरात जाते. तिचीही गेली.

मार्चमध्ये डावा गुडघा सुजला. सकाळी तासभर पाय आखडलेला, दुपारी पोर पळायला मोकळी, त्यामुळे कुणाला खरं वाटेना. मलाही नाही. एकानं सांगितलं पडली असेल, दुसऱ्यानं सांगितलं हाडं वाढतायत, तिसऱ्यानं क्षयाची शंका घेऊन गुडघ्यातलं पाणी काढलं. वाढीचं दुखणं रात्री येतं, दोन्ही पायांत येतं, सूज नसते आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. सुजलेला, सकाळी आखडणारा सांधा म्हणजे ते दुखणं नव्हे. एवढी साधी गोष्ट माझ्या कानावर पडायला पाच महिने लागले. निदान झालं बालसंधिवाताचं, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या सांध्यांच्या दीर्घ सुजेचं. डॉक्टरांनी लगेच डोळे तपासायला पाठवलं, तेव्हा मी चक्रावले. गुडघ्याचा आणि डोळ्याचा काय संबंध? या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि नजर मात्र जाऊ शकते. हिच्या उजव्या डोळ्यात ती सुरू झालेली होती.

कोविडमुळेच झालं का? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. मीही तसा दावा करत नाही. पण आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्तातल्या कोविडच्या अँटिबॉडींच्या पाहणीत, जून-जुलै २०२१ मध्ये, ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या होत्या. मुलांना तेव्हा लस मिळतच नव्हती, म्हणजे त्या संसर्गाच्याच. हा आकडा ओमायक्रॉनच्या आधीचा. यातल्या किती मुलांकडे चाचणीचा कागद असेल? तो नाही म्हणून त्यांच्या पायदुखीशी कोविडचा संबंध लागणार नाही, आणि संबंध लागत नाही म्हणून मोजदादही होणार नाही. तेव्हा कारणाचा वाद तज्ज्ञांवर सोडा. सांधा तेवढा बघा.

मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येतं. रांग मीच लावून देते, त्यामुळे त्यांची धावपळ जवळून पाहते. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत संधिवाताच्या तापानं बिघडलेलं हृदय आहे, जन्मतः वाकडं पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. सुजलेला गुडघा नाही. यादी केंद्राची आहे, ठाऊक आहे. पण पथकं तुमची आहेत.

ब्रिटनमध्ये मुलांच्या सांध्यांसाठी पी-गॅल्स नावाची तपासणी वापरतात. टाचांवर चाल, चवड्यांवर चाल, मुठी वळ, हात वर कर, स्वतःची तीन बोटं तोंडात मावतात का दाखव. साधारण दोन मिनिटं लागतात, उपकरण काही नाही. आपल्याकडे तर अजून सोपं: मांडी घाल, उकिडवा बस, हात न टेकता ऊठ. सोबत एकच प्रश्न, सकाळी कुठला सांधा आखडतो का? अडखळलेल्या मुलाला पुढे पाठवायचं, आणि नेमकं कुठे ते आधीच ठरलेलं हवं. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस या मुलांसाठी राखा, त्याच दिवशी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळे बघा, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाचा सल्ला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घ्या. एसटीनं दर खेपेला शहर गाठताना एका मजुराचा दिवस बुडतो, कधी दोन.

आणखी एक, शिक्षण खात्याशी बोलून करायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मुलांमधल्या कोविडोत्तर आजाराची व्याख्या केली: संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी आणि किमान दोन महिने टिकणारी लक्षणं. थकवा त्यात ठळक आहे. आमच्याकडे अशा मुलाला कामचुकार म्हणतात आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. खेळून आल्यावर ज्याचं दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, त्याला असं पळवू नये आणि बसायला खुर्ची द्यावी, एवढं परिपत्रक पुरे. मी स्वतः चार महिने उलट वागले, म्हणून सांगते.

मुलगी आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे संधिवाताचं औषध घेते. नजर शाबूत आहे. मांडी घालते, पण डावा पाय जरा उंच राहतो. यंदाची शाळा तपासणी व्हायची आहे. त्याआधी सूचना निघाली, तर रांग नेहमीप्रमाणे मी लावून देईन.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका