तिसरे नाव : पं. ब्रिजभूषण काबरा

प्रति,
मा. संपादक,

विषय : रविवार पुरवणीतील 'कॉल ऑफ द व्हॅली'वरील लेखात राहून गेलेले नाव

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे. १९६७ साल, काश्मिरी मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस रागांतून उभा करण्याची कल्पना, पं. शिवकुमार शर्मांचे संतूर, पं. हरिप्रसाद चौरसियांची बासरी, हे सगळे त्यात आले. गिटारवाल्याची बोळवण मात्र 'आणि इतर साथीदार' एवढ्यावर झाली. हे 'इतर' म्हणजे पं. ब्रिजभूषण काबरा. ते साथीला बसलेले नव्हते. तबकडीच्या वेष्टनावर तिघांची नावे एका मानाने आहेत. साथीला होते ते तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि खरे तर त्यांचेही नाव यायला हवे होते. ही ध्वनिमुद्रिका ज्यांनी घडवून आणली ते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे आपले जुने भावगीत गायक. मराठी वर्तमानपत्रातून तेही निसटावेत याची थोडी गंमत वाटली.

काबरा आडनाव आमच्या खान्देशात नवे नाही. अडत दुकान, कापड दुकान, पेढी, कुठेही सापडते. त्यामुळे माझ्या दुकानात कोणी कॅसेटवरचे नाव वाचले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हे कोणते काबरा? जळगावचे की धुळ्याचे?" हे काबरा जोधपूरचे. १९३७ चा जन्म, पुढे मुक्काम अहमदाबादला, आणि २०१८ मध्ये ते गेले. थोरले बंधू दामोदरलाल सरोद वाजवीत आणि उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द होते. धाकट्याच्या हाती गिटार लागली आणि तोही त्याच दारात जाऊन बसला. सरोदियाच्या घरात गिटार शिकायला जाणे ही त्या काळी काय चीज असेल, याचा विचार करून पाहावा.

मी अमळनेरला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान चालवत होतो. संगीताचे माझे शिक्षण शून्य. काबरांशी ओळख झाली ती धंद्यातून. बदली होऊन निघालेल्या एका बँकेच्या साहेबांनी टेप दुरुस्तीला टाकला, आत काबरांच्या वादनाची कॅसेट तशीच राहिली होती. टेप नेताना ते म्हणाले, "राहू द्या तुम्हाला, माझ्याकडे तबकडी आहे." तीच कॅसेट पुढे माझे हत्यार झाली.

ते कसे, हे सांगितले पाहिजे. टेपचा बेल्ट सैल पडला किंवा पिंच रोलरवर, म्हणजे फीत पुढे सरकवणाऱ्या रबरी चाकावर, मळ चढला की फीत एकसारख्या वेगाने सरकत नाही. आवाज लहरतो. बातम्या लावा, भजन लावा, लग्नाचा बँड लावा, कळत नाही. गिऱ्हाईकही समाधानाने घेऊन जाते. पण लांबलेला एकच स्वर लावला की मशीनची लबाडी लगेच बाहेर पडते. कंपनीची टेस्ट टेप अमळनेरच्या दुकानात कुठून येणार? म्हणून मी एकेक कॅसेट लावून पाहत गेलो. बासरी चालायची, पण फुंकेचा आवाज मध्ये येतो. सिनेमाच्या गाण्यांची गिटार अजिबात चालेना, कारण त्यात स्वर मुद्दाम थरथरवलेला असतो. लोखंडी कांब तारेवर हलकेच हलवत राहायची, ही हवाइयन गिटारीची जुनी रीतच. त्यामुळे थरथर वादकाची की बेल्टची, हे समजायला मार्ग नाही. काबरांचे आलाप लावले आणि काम झाले. हा माणूस षड्जावर येऊन थांबला की थांबतो. स्वर विझत विझत जातो, पण जागचा हलत नाही. तो हलला तर बेल्ट बदलायचा.

असे करता करता तो आलाप किती वेळा कानावरून गेला याला हिशेब नाही. सोल्डरिंगचा धूर, बाहेर प्रताप मिलच्या पाळीचे लोक आणि आत ही गिटार. एकदा मारवड भागातला एक शेतकरी त्याचा ट्रान्झिस्टर घ्यायला आला आणि स्टुलावर बसूनच राहिला. म्हणाला, "भाऊ, हाई सतार वाजी ऱ्हायनी का?" मी म्हटले, "सतार नही, गिटार शे." तर म्हणतो, "गिटार आशी ऱ्हास का भो!" मला वाटते काबरांच्या वादनाचे इतके नेमके परीक्षण मी तरी छापील कुठे वाचले नाही.

गिटार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पट्टा गळ्यात अडकवून उभा राहिलेला पोरगा येतो. ही तशी नाही. ती मांडीवर किंवा समोर आडवी ठेवतात. तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात, त्यामुळे पडद्यांचा, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कड्यांचा, उपयोग जागा ओळखण्यापुरता. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांब. ती तारेवर टेकवून सरकवली की एका स्वरातून दुसऱ्यात मध्ये कुठेही न तुटता जाता येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर ही पद्धत रुजली. जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाचे नाव तिच्याशी जोडले जाते. तिकडचे वादक फिरत फिरत कोलकात्यापर्यंत आले आणि तिथून ती आपल्या सिनेमात आणि रेडिओवर पसरली. काबरांनी तिला सुराची वेगळी तार जोडली, म्हणजे 'झाला' (त्या तारेवर वारंवार आघात करत वाजवायचा शेवटचा जलद भाग) वाजवायची सोय झाली, आणि अली अकबर खाँच्या सरोदाची चाल तिच्यावर बसवली.

आता त्या ध्वनिमुद्रिकेकडे येतो. त्या वेळी तिघेही तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि तिघांपैकी दोघांची वाद्ये मैफलीत उपरी होती. संतुरावर आक्षेप असा, की त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही. कलमाने (लाकडी काडीने) तार छेडली की थेंब पडतो, ओघळ येत नाही. गिटारीचा प्रश्न उलटा. तिथे सगळेच ओघळते. कांब सरकली की मधले सगळे स्वर आपोआप लागतात, नको असलेलेही. रागात वर्ज्य असलेला स्वर मींडेतून जाताना ओझरता लागू द्यायचा, पण त्यावर रेंगाळायचे नाही, ही कसरत प्रत्येक वेळी करावी लागते. म्हणून ही दोन वाद्ये शेजारी बसली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. संतुराचे थेंब पडत असतात आणि खालून गिटारीची रेघ ओढली जाते. तबकडीतले पहाडी आणि देस हे राग पुन्हा लावून फक्त गिटारीवर कान ठेवावा. ती काढून घेतली तर काय उरेल, हे तेव्हा लक्षात येते.

तरी माझे मत विचाराल तर काबरांना ओळखायला ही तबकडी पुरेशी नाही. ती गोड आहे, फार गोड आहे, आणि तिचा वापर पुढे चहा-पाण्याच्या वेळी मागे लावायचे संगीत म्हणून झाला. हॉटेलात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये जेवणे सुरू असताना. काबरा कळतात ते त्यांच्या एकट्याच्या वादनात, जिथे आलाप, जोड (तबल्याशिवाय, पण लय धरून केलेली बढत), झाला अशी पूर्ण मांडणी आहे आणि घाई कसली ती नाही. मंद्र सप्तकातल्या जाड तारेवर ते गंधारावरून ऋषभावर उतरतात तेव्हा उतरण्याला लागणारा वेळ हाच वादनाचा विषय होतो.

उणे काढायचे तर द्रुत गतीत काढता येईल. तिथे कांब उचलून ठेवायला जो वेळ जातो तो कुठेतरी जाणवतो. सरोदावरची लखलखीत तान इथे थोडी बोथट होते. पण काबरांनी ती उणीव लपवण्यासाठी नुसता वेग वाढवला नाही, हे मला आवडते.

सिनेगीते गिटारीवर वाजवणारे व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली यांच्याबद्दल माझ्या मनात कमीपणा नाही, हे इथेच लिहून ठेवतो, नाहीतर त्यांचे चाहते मला पत्रे लिहितील. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार मिनिटे उरली की रेडिओवर सिनेगीताची गिटार वाजायची, आणि त्या चार मिनिटांवर आमची पिढी वाढली. गाणे शब्दांवाचूनही ओळखता येते हे आम्हाला त्यांनीच शिकवले. तो रस्ता वेगळा होता, एवढेच.

गुरू म्हणून काबरांचे काम किती मोठे, हे कोलकात्याचे पं. देबाशीष भट्टाचार्य ऐकले की कळते. ते काबरांचे शिष्य, पण ऐकताना काबरांची नक्कल कुठेही सापडत नाही. गुरू जिथे सावकाश चालतो तिथे शिष्य धावतो, गिटारही स्वतःच्या कल्पनेने वेगळी घडवून घेतो. द्रुत लयीची जी उणीव मी वर लिहिली ती एका पिढीत भरून निघाली. आपल्यासारखे दहा शिष्य तयार करणारे गुरू पुष्कळ असतात; शिष्याला त्याच्या वाटेने जाऊ देणारे थोडे. १९९४ मध्ये पं. विश्वमोहन भट्ट यांना मोहनवीणेवरच्या (त्यांनी गिटारीतूनच घडवलेल्या वाद्यावरच्या) 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या ध्वनिमुद्रिकेसाठी राय कूडर यांच्यासह ग्रॅमी मिळाले तेव्हा आडव्या गिटारीचे शास्त्रीय वादन तिथून सुरू झाले असा पुष्कळांचा समज झाला. भट्ट थोर आहेतच आणि त्यांची तालीम पं. रविशंकरांची, म्हणजे अली अकबर खाँच्याच मैहर घराण्यातली. पण पायवाट त्याआधी निदान पंचवीस वर्षे पडलेली होती.

पत्र लांबले. दोन विनंत्या करून थांबतो. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राने काबरांचे स्वतंत्र वादन एखाद्या रात्री सलग लावावे. तुकडे तोडून नव्हे, आलापापासून झाल्यापर्यंत. आणि जळगाव, धुळे, भुसावळला गिटारचे क्लास चालवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी गिटार मांडीवर आडवी ठेवायला सांगावी. पोलादी कांब नसेल तर जाड काचेची छोटी बाटलीही पहिल्या दिवशी चालते. कॉर्डच्या आधी एकच स्वर धरून ठेवायला लावला तर मुलांचे कानही तयार होतील.

जाता जाता, धंद्यातली एक गोष्ट. ज्यांच्या माळ्यावर या काळातल्या कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत आणि घाईने लावूही नयेत. वर्षानुवर्षे पडलेली फीत एकमेकीला चिकटते. लावण्याआधी ती पेन्सिलीने हाताने एकदा शेवटपर्यंत आणि परत पहिल्यापर्यंत फिरवावी, टेपचे हेड आणि रोलर स्पिरिटच्या कापसाने पुसून घ्यावेत, आणि मग ती वाजवून लगेच मोबाईलवर किंवा संगणकावर उतरवून ठेवावी. फितीवर बुरशीची पांढरी पूड दिसली तर मात्र ती मशीनमध्ये घालू नये, कारण तीच पूड पुढच्या कॅसेटलाही लागते.

आपला,
एक जुना वाचक,
अमळनेर (जि. जळगाव)