निरंक आणि कोरं

कोरेगाव, रविवार

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. डेटाबेसच्या क्लासात प्रोग्रॅम लिहिण्याची, डेव्हलपमेंटची बॅच भरली, म्हणून तुला डेटाबेस सांभाळायच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला बसवलं, म्हणजे "बाबा, मी आता बॅकअप घेणारी कारकून." मी गप्प राहिलो. 31 वर्षं तलाठी म्हणून कारकुनीच केलेल्या माणसानं पटकन काय बोलावं? म्हणून हे पत्र.

गणपतीत आली होतीस तेव्हा ओरॅकल नावाच्या डेटाबेसचं ते शिकाऊ टेबल मला दाखवलं होतंस. 14 कर्मचारी, त्यांचे पगार आणि प्रत्येकाच्या साहेबाचा नंबर. किंग नावाच्या अध्यक्षाला साहेबच नाही, म्हणून त्याचा रकाना नल, म्हणजे रिकामा. टेबल स्वतःलाच जोडून प्रत्येकाचा साहेब शोधलास तर ओळी आल्या 13, किंग गायब! नलची बरोबरी कशाशीच होत नाही, दुसऱ्या नलशीसुद्धा नाही, असं तू म्हणालीस आणि मला आमचे पहिले सर्कल, म्हणजे आमच्या नोंदी तपासणारे मंडळ अधिकारी, आठवले. रकाना कोरा दिसला की वही परत ढकलायचे. "काही नसेल तर निरंक लिहा." निरंक म्हणजे पाहिलं, आणि काही नाही. कोरं म्हणजे पाहिलं की नाही तेच कळत नाही. तुमच्या नलमध्ये ही दोन्ही एकाच पोत्यात. आयबीएममधल्या ज्या कॉडनं 1970 साली हा टेबलांचा विचार मांडला, त्यानंच पुढे "माहीत नाही" आणि "लागूच नाही" यांच्या खुणा वेगळ्या ठेवा असं सुचवलं होतं, हे तूच सांगितलंस. डेटाबेसशी बोलायची तुमची भाषा, एसक्यूएल, तिनं ऐकलं नाही. आमच्या सर्कलनी ऐकवलं असतं.

आता तुझ्या कारकुनीबद्दल. सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण गाव चालतं ते नमुना सहावर, फेरफार वहीवर. वारस लागो, जमीन विकली जावो, आधी नोंद तिथे. आमच्या हातानं लिहायच्या काळात सातबाऱ्यावर तेवढा नंबर पेन्सिलीनं. मग नोटीस, हरकतीला 15 दिवस, सर्कलची सही, आणि नंतरच शाई. नोंद रद्द झाली तर पेन्सिल पुसायची, जमीन होती त्याच्याच नावावर. आणि शाई लागली तरी जुन्या मालकाचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. तू कमिट (बदल पक्का करणं), रोलबॅक (बदल मागे घेणं), रीडू लॉग (बदलांची वही) असं भराभर सांगत होतीस तेव्हा आई म्हणाली, "यांना काय कळणार?" मला सगळं कळत होतं गं. जुनी प्रत आणि तिथून पुढचे सगळे फेरफार हाताशी असले, तर फाटका सातबारा पुन्हा उभा करता येतो. मधला एक फेरफार गहाळ झाला की तिथेच अडायचं. त्या बदलांच्या वहीच्या जपून ठेवलेल्या प्रती, तुमचे आर्काइव्ह लॉग, म्हणजे दुसरं काय?

(संगणकात सातबारे भरले तेव्हा एकाच खातेदाराचं नाव तीन गटांवर तीन तऱ्हांनी पडलेलं मी पाहिलंय. खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा, आठ-अ, काढला तर एका माणसाची तीन खाती. तेव्हा एक माहिती एकाच जागी कशी ठेवावी त्या नॉर्मलायझेशनच्या तासाला डुलक्या काढू नकोस.)

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. एका कार्यालयात मी प्रतिनियुक्तीवर होतो. रोज संध्याकाळी सीडीवर बॅकअप, वर तारीख, कपाटाला कुलूप, रजिस्टरला सही. सही माझी. वर्षभरानं मशीन बंद पडलं आणि सीड्या काढल्या, तर कित्येक कोऱ्या. लिहिणारं यंत्र केव्हाच बिघडलं होतं. रजिस्टर मात्र चोख.

तू गिटलॅबचं, लोकांचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या त्या कंपनीचं, सांगितलंस तेव्हा म्हणूनच मला झोप लागली नाही. जानेवारी 2017, रात्रीची वेळ, थकलेला माणूस. दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसली आणि सुमारे 300 जीबी गेले. बॅकअपच्या पाच तऱ्हा, आणि वेळेला एकही धड नाही. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल, सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यानं फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. वाचले ते सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीमुळे, तोसुद्धा दुसऱ्याच कामासाठी घेतलेला.

तेव्हा क्लासमध्ये सरांना विचार, रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करणं, प्रत्यक्ष करून घेणार की नुसतं फळ्यावर? फी भरली आहे आपण. एक डेटाबेस मुद्दाम मोडून दे म्हणावं, आणि घड्याळ लावून तो उभा कर. अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंतचा आणायला जमतो का बघ. डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्या क्वेरी लिहिणारे पुष्कळ भेटतील.

हे लिहिता लिहिता उठून कपाट उघडलं. तुझे लहानपणचे फोटो ज्या पेनड्राइव्हवर ठेवलेत तो डबीत आहे, वर चिठ्ठी आहे, 2014. तेव्हापासून एकदाही लावून पाहिलेला नाही. दिवाळीला येताना लॅपटॉप आण. आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
बाबा