तात्यांबद्दल राहून गेलेलं

पक्या,

दहाव्याला तू म्हणालास ना, तात्या जेमतेम तिसरी शिकलेले, मग अख्खं गाव त्यांना शहाणा माणूस का म्हणायचं, ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. तेव्हा काही सुचलं नाही म्हणून आता लिहितोय.

अरे, पोराला हुशार म्हणतो ते मार्कांवरून, पण शहाणा म्हणायला वेगळंच काहीतरी लागतं. ग्रीकांचा शहाणपणासाठीचा सोफिया शब्द घे, ज्यातून फिलॉसॉफी आलं. होमर कवीच्या इलियड महाकाव्यात तो एकदाच येतो, आणि कोणासाठी, तर सुतारासाठी! जहाजाचं लाकूड सुताने सरळ करणारा सुतार, त्याच्या कसबाला सोफिया म्हटलंय. वाचलं आणि एक डोळा मिटून फळीवर सूत ताणणारे तात्याच दिसले रे. हिब्रूतही तसंच, होख्मा म्हणजे शहाणपण, पण बायबलात देवाचा मंडप उभारणाऱ्या कारागिराला देव तेच देतो, आणि बकऱ्याचे केस कातणाऱ्या बायकांनाही तोच शब्द लावलाय.

मग ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल आला, त्याने सोफियापासून व्यवहारातलं शहाणपण वेगळं काढलं, त्याला नाव फ्रोनेसिस. तो म्हणतो कोवळं पोरगं गणितात तरबेज होईल पण हे शहाणपण त्याला नाही जमायचं, कारण त्याला अनुभव लागतो आणि अनुभवाला वर्षं लागतात. आठव, वाटणीवरून भांडणारे ते दोघे भाऊ तात्यांकडे आलेले, तात्या रंधा मारत मारत तासभर नुसतं ऐकत राहिले, शेवटी एकच वाक्य बोलले आणि दोघं गप उठून गेले.

मला सगळ्यात आवडते ती घानातल्या अकान लोकांची गोष्ट. अनान्सी नावाचा कोळी, जाळं विणणारा, जगातलं सगळं शहाणपण मडक्यात भरतो आणि झाडावर लपवायला निघतो, पण मडकं पोटावर बांधलेलं, चढताच येईना. खालून त्याचा पोरगा म्हणतो, बाबा, पाठीवर बांधा की! सगळं माझ्याकडे असताना याला हे कसं सुचलं म्हणून अनान्सी चिडतो, मडकं पडतं, फुटतं, आणि शहाणपण सगळीकडे पसरतं. तात्यांनी कधी मडकं बांधलंच नाही, आपल्यासारख्या शेंबड्या पोरांनाही हातात हात धरून पटाशी शिकवली.

त्यांची हत्यारं भंगारात देऊ नकोस. दिवाळीत येतोय, तो लहान रंधा मला दे.

तुझाच,
बंड्या