रानपाल्याचा चहा : चौकोनी देठावर विसंबू नका

संपादक महोदय,

रानातला पाला ओळखून त्याचा चहा कसा करावा, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय चांगला, पण ‘देठ चौकोनी आणि पान चुरडल्यावर वास आला तर ते पुदिन्याचं कुळ, बिनधास्त वापरा’ हा सल्ला अंगाशी येणारा आहे. टणटणीचं (घाणेरीचं) खोडही चौकोनीच असतं, पानं समोरासमोर असतात आणि चुरडली की चांगलीच वास मारतात. हा पाला खाऊन गुरांचं यकृत बिघडतं. बोटांना फरक कळतो : टणटणीचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत आणि खोडावर बहुधा बारीक काटे. पुदिन्याला काटे नसतात.

ओसाडी या रानतणाची तऱ्हा वेगळी. कोवळ्या पानांवरून ती तुळशीच्या जातीतली वाटते. खोड मात्र गोल, लवदार आणि फुलं जांभळट किंवा पांढऱ्या गोंड्यांची. तिच्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स ही विषारी द्रव्यं असतात. ती यकृताला बाधतात, उकळल्याने जात नाहीत आणि एखाद्या कपाने काही जाणवत नाही, म्हणून माणूस पीत राहतो. ही द्रव्यं असलेली तणं लागवडीच्या पिकातही मिसळतात. म्हणूनच युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून वाळवलेल्या हर्बल चहात त्यांची मर्यादा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम ठरवली, पुदिना-कॅमोमाइलसारख्या काहींना ४००.

तेव्हा झाड फुलावर असताना ओळख पक्की करावी, जागेवर खूण ठेवावी आणि पाला पुढच्या बहराआधी खुडावा. घरी आल्यावर जुडी तशीच धुवायला टाकू नये, एकेक काडी निवडावी. गुंतून आलेलं तण तिथेच सापडतं. रस्त्याकडेचा आणि फवारणीच्या शेताजवळचा पाला नकोच.

लेखात पानं दहा मिनिटं उकळायला सांगितली आहेत. त्याने वास वाफेबरोबर जातो आणि कपात उरतो तो कडवट तुरटपणा. २०० मिली पाण्याला एक चमचा वाळलेला पाला, ताजा असेल तर तिप्पट. उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यावर ओतायचं, झाकण ठेवून पाच ते सात मिनिटं मुरू द्यायचं. झाकणाखाली जमलेले थेंब कपातच झटकावेत, सुगंधी तेल त्यांत असतं. मुळं आणि साली मात्र मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळाव्यात.

वाळवण सावलीत, पातळ थरात. पान चुरडून भुगा होईल आणि काडी कट्‌कन मोडेल तेव्हाच बरणीत भरावं. चिवट असताना भरलं तर आत बुरशी धरते. मेलिलोटस (स्वीट क्लोव्हर) या वनस्पतीच्या बाबतीत हे फार महागात पडतं : बुरशीमुळे त्यातल्या कुमारिन या सुगंधी द्रव्याचं डायकुमारॉल होतं आणि ते रक्त गोठू देत नाही.

नवी वनस्पती प्रथम एकटीच, अर्धा कप घ्यावी. चार पानांचं मिश्रण बाधलं तर दोष कुणाचा ते कळत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

– एक वाचक